फ्रीजची तक्रार, ग्राहक आयोग आणि आईने जपलेले कागद

उंबरठा

मागे एका धाग्यावर मी ओघात लिहून गेले की आमच्या फ्रीजची तक्रार ग्राहक आयोगाने मंजूर केली. तेव्हापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येताहेत. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने उत्तर देण्यापेक्षा इथेच सगळं लिहिते. मी वकील नाही. तक्रार मी स्वतः लिहिली आणि स्वतःच चालवली. ग्राहक आयोगात पक्षकाराला स्वतः बाजू मांडता येते, वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

मे २०२२ मध्ये आईसाठी फ्रीज घेतला, ३१,५०० रुपयांचा. ऑगस्टमध्ये भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचायला लागलं आणि दूध दुसऱ्या दिवशी नासायला लागलं. कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. माणूस आला, गॅस भरून गेला. महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. एप्रिल २०२३ पर्यंत असे पाच फेरे झाले. गॅस, सेन्सर, दाराचं रबर, पुन्हा गॅस, शेवटी पीसीबी (आतला सर्किट बोर्ड). मेमध्ये वर्षाची वॉरंटी संपली. जूनमध्ये फ्रीज पुन्हा गार व्हायचा थांबला तेव्हा उत्तर आलं, "मॅडम, आता व्हिजिटचे पैसे पडतील."

आईमुळे एक गोष्ट मात्र पहिल्यापासून नीट झाली होती. सर्व्हिसवाला जाताना गुलाबी कार्बन कॉपीची जॉबशीट पुढे करायचा. तिच्या तळाशी छापलेली ओळ असायची, "काम समाधानकारक झाले", आणि शेजारी सहीची जागा. आई तीस वर्षं शाळेत शिकवत होती, वाचल्याशिवाय सही करत नाही. तिने ती ओळ खोडली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "फ्रीज अजून गार होत नाही. सही फक्त भेटीची." पाचपैकी तीन शीटवर हे वाक्य आहे, खाली तारीख, आणि त्याखाली सर्व्हिसवाल्याचीही सही.

कंपनीचा मुख्य बचाव असा होता की दरवेळी दोष दूर झाला आणि ग्राहकाचं समाधान झालं. आयोगाच्या सदस्यांनी ती गुलाबी शीट हातात घेऊन ते वाक्य मोठ्याने वाचलं. आदेशातही ते जसंच्या तसं आलंय. दोष वॉरंटीच्या मुदतीत उद्भवला, तक्रार मुदतीतच नोंदली गेली, त्यामुळे दुरुस्त्यांच्या घोळात वर्ष उलटलं याचा फायदा कंपनीला घेता येणार नाही, असं आयोगाने म्हटलं. पूर्ण किंमत, त्यावर व्याज, मानसिक त्रासाबद्दल पाच हजार आणि खर्चाचे तीन हजार.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. प्रकरण आयोगात उभं राहतं ते पहिल्या दिवसापासून काय लेखी आहे त्यावर. मी फोनवर किती वेळा बोलले, किती वेळा रडकुंडीला आले, याची तिथे कुठेच नोंद नाही. आईच्या एका वाक्याची आहे.

तिठा

वाचतोय. फार उपयोगी धागा. दोन बाळबोध प्रश्न: फी किती आणि दिवस किती?

उंबरठा

फी आमच्या प्रकरणात शून्य. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००, वीस ते पन्नास लाखांना १,०००. जिल्हा आयोगाची हद्द पन्नास लाखांपर्यंत, राज्य आयोगाची दोन कोटींपर्यंत, त्यावर राष्ट्रीय आयोग. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हद्द ठरते ती प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. जुन्या १९८६ च्या कायद्यात भरपाईचा आकडाही त्यात धरला जायचा. नेटवरची बरीच जुनी मराठी माहिती अजून त्याच हिशोबाने लिहिलेली आहे.

माझा स्वतःचा खर्च झेरॉक्स, नोटरी, पोस्ट आणि रिक्षा मिळून दोन-सव्वादोन हजार.

दिवसांचं खरं सांगते. कायद्यात लिहिलंय की वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा. आम्ही सप्टेंबर २०२३ मध्ये दाखल केली, आदेश मार्च २०२५ मध्ये झाला. मधल्या काळात सदस्याची जागा रिकामी होती, तारखांमागून तारखा पडल्या. हे ऐकून कुणी माघार घेऊ नये, पण चार महिन्यांत पैसे येतील असं धरून पावलं टाकू नयेत.

गोदाकाठ

ताई, उत्तम लिहिलंत. आईंना नमस्कार सांगा.

मी निवृत्तीनंतर काही वर्षं एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसत असे, त्या अनुभवावरून थोडी भर घालतो. आमच्याकडे येणाऱ्या दहा माणसांतल्या सहा-सात जणांचं म्हणणं खरं असायचं आणि हातात कागद नसायचा. बिल घेतलेलं नसतं, कारण दुकानदाराने "बिल घेतलंत तर जीएसटी पडेल" असं सांगितलेलं असतं. मंडळी, बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. चार पैसे वाचवायला आपण आपलाच पुरावा सोडून देतो.

दुसरी गोष्ट ती पाटी. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ही वाचून माणसं मुकाट परत फिरतात. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. तरीही समजून घ्या, हा हक्क सदोष मालासाठी आहे. साडीचा रंग घरी नेल्यावर आवडला नाही, तर दुकानदार बदलून देतो ते त्याच्या धोरणाने, कायद्याने त्याला भाग पाडता येत नाही. आमच्याकडे या दोन्हींची गल्लत करून भांडायला आलेली माणसंही पुष्कळ असत.

तिसरी गोष्ट मुदतीची. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशिराची सबळ कारणं दिली तर आयोग माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. कंपनीला मेल पाठवत राहिल्याने किंवा हेल्पलाइनवर तक्रार केल्याने ही दोन वर्षं थांबत नाहीत. "कंपनी बघतो म्हणाली होती" या एका वाक्यापायी मुदत गेलेले लोक मी पाहिलेत.

थोडा इतिहास, कारण तरुणांना हे सगळं आयतं मिळालंय असं वाटतं. ग्राहकाच्या हक्कांची भाषा सुरू झाली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या १५ मार्च १९६२ च्या संदेशापासून. म्हणून १५ मार्च हा जागतिक ग्राहक दिन. आपल्याकडे कायदा झाला १९८६ मध्ये, २४ डिसेंबरला, तो आपला राष्ट्रीय ग्राहक दिन. पण त्याच्या बारा वर्षं आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं होतं आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. कायदा नव्हता तेव्हा ही माणसं एकत्र खरेदी करून, मापं तपासून, व्यापाऱ्यांशी बोलून काम करत होती. त्या पिढीचं आपल्यावर ऋण आहे.

नवी_घडी

गोदाकाठकाका, हेल्पलाइनचा विषय निघालाच आहे तर: १९१५ वर फोन करून काही होतं का? की नुसता क्रमांक मिळतो?

गोदाकाठ

होतं, पण ते काय आहे हे समजून करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते, पाठपुरावा करते. मोठ्या कंपन्यांची तिथे ठरलेली माणसं असतात, त्यामुळे रिफंड अडकला, चुकीची वस्तू आली, अशी सरळ प्रकरणं तिथेच मिटतात. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. कंपनीने नाही म्हटलं की विषय तिथे संपतो आणि तुम्हाला आयोगाकडे यावं लागतं. आधी हेल्पलाइन करून पाहा, तिचा नोंद क्रमांक जपून ठेवा, तोही एक कागदच आहे.

दुकानदाराची_लेक

थोडं आमच्या बाजूचंही लिहू का? माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. फ्रीज बनवते कंपनी, दुरुस्तीला येतो कंपनीचा माणूस, आणि नोटीस येते आमच्या नावाने. बाबा दोनदा जिल्ह्याला तारखेला जाऊन आलेत. दुकान बंद ठेवून. उंबरठाताई, तुम्ही दुकानदारालाही सामनेवाला (म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष) केलं होतं का?

उंबरठा

हो, केलं होतं. प्रामाणिकपणे सांगते, पैसे आम्ही दुकानदाराला दिले होते आणि बिल त्याचं होतं. त्याला वगळलं असतं तर कंपनी म्हणाली असती की तुमचा व्यवहार आमच्याशी झालाच नाही.

पण आमच्या दुकानदाराविरुद्ध आदेश झाला नाही, आणि त्याचं कारण तुमच्या बाबांच्या कामाचं आहे. माझी पहिली तक्रार गेल्या दिवशीच त्यांनी कंपनीच्या वितरकाला मेल केला होता, पुढे आणखी दोनदा. त्यांनी त्या मेलच्या प्रती आपल्या लेखी म्हणण्यासोबत जोडल्या. आयोगाने लिहिलं की विक्रेत्याने आपल्या हातात होतं ते केलं, सबब त्याच्याविरुद्ध तक्रार नामंजूर. बाबांना सांगा, ग्राहक दुकानात येऊन ओरडून गेला तरी त्याच संध्याकाळी कंपनीला दोन ओळींचा मेल टाकायचा, ग्राहकालाही त्याची प्रत द्यायची.

दुकानदाराची_लेक

हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाबा फोन करतात वितरकाला, मेल कधीच नाही. आज संध्याकाळी बसून त्यांच्यासाठी मसुदा करून ठेवते.

शिवणयंत्र

माझी अडचण जरा वेगळी आहे. मी घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. मागच्या वर्षी मोटारचं ओव्हरलॉक मशीन घेतलं, चोवीस हजाराला. तिसऱ्या आठवड्यापासून लूपर (खालून धागा गुंफणारा भाग) धागा सोडतो. दोनदा टायमिंग लावून दिलं, पुन्हा तेच. आता विक्रेता म्हणतो, तुम्ही मशीन धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही, कुठेही जा. खरंच असं आहे का? मी एकटीच शिवते, हाताखाली कुणी नाही.

गोदाकाठ

ताई, अजिबात घाबरू नका. तो अर्धंच सांगतोय. व्यापारी हेतूने किंवा पुन्हा विकायला वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहक नाही, हे खरं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ही व्यापारी हेतूची धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात याची फोड केली आहे. टंकलेखन यंत्र घेऊन दुसऱ्यांची कागदपत्रं स्वतः टाइप करून पोट भरणारा ग्राहक आहे. रिक्षा घेऊन स्वतः चालवणाराही ग्राहक आहे. तुमचं शिवणकाम त्याच माळेतलं. पंधरा मशीन आणि पंधरा कारागीर असते तर गोष्ट वेगळी होती.

फक्त नोटिशीत आणि तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहा: "सदर मशीन मी स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतले असून ते मी स्वतः चालवते." हे वाक्य राहिलं म्हणून फेटाळलेल्या तक्रारी मी पाहिल्या आहेत. मुद्दा खरा असून मांडलेला नसतो.

शिवणयंत्र

काका, खूप आभार. तीन महिने मी हे मनातच धरून बसले होते की आपल्याला हक्कच नाही.

पाणकणीस

धाग्याचा विषय थोडा रुंदावतो. बसस्टँडवर वीसची पाण्याची बाटली पंचवीसला. विचारलं की उत्तर "थंड केल्याचे पाच". यासाठी कोण आयोगात जाणार?

तिठा

पाच रुपयांसाठी कुणी जात नाही हेच त्यांना माहीत असतं.

गोदाकाठ

यासाठी आयोगात जायची गरजच नाही. हे वैध मापन शास्त्र विभागाचं, म्हणजे वजनमापं आणि छापील किमती तपासणाऱ्या सरकारी विभागाचं काम. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार किरकोळ विक्रेत्याला छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या किमतीत सगळे कर धरलेले असतात. थंड करण्याचे वेगळे पैसे त्यात बसत नाहीत. बाटलीचा, छापील किमतीचा आणि पावतीचा किंवा यूपीआयच्या नोंदीचा फोटो घ्या आणि विभागाकडे तक्रार टाका. निरीक्षक जाऊन कारवाई करतात. तुमचे पाच रुपये कदाचित परत येणार नाहीत, पण पुढच्या शंभर जणांचे वाचतील, म्हणून करावी.

हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीला मात्र हे लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निकाल दिला की हॉटेल, रेस्टॉरंट बसण्याची, वाढण्याची सेवाही देतात, ती निव्वळ विक्री नाही, त्यामुळे तिथे छापील किमतीची अट लागत नाही. मला हा निकाल पटत नाही, पण तो लागू आहे. सेवा आकाराचं वेगळं: बिलात आपोआप लावलेला सेवा आकार देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. नम्रपणे काढून टाकायला सांगा.

सांजसावली

सोन्याबद्दलही एक ओळ. हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६), आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की दागिन्याची नोंद दिसते. दुकानातच, पैसे देण्याआधी तपासा. मी बहिणीच्या लग्नात तपासला, सराफांनी स्वतः भिंग आणून दिलं. चांगला दुकानदार रागावत नाही.

नवी_घडी

ऑनलाइन खरेदीचं काय? मी मुलासाठी टॅब मागवला, खोक्यातून जुना, ओरखडे पडलेला निघाला. पोर्टल म्हणतं विक्रेत्याला विचारा. विक्रेता परराज्यातला, फोन उचलत नाही. तक्रार तिथे जाऊन करायची का?

उंबरठा

नाही, तिथे जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्यात हा फार मोठा बदल झाला. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक पोर्टलला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क पोर्टलवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार सोडवायची. चॅटमधल्या मदतनीसाशी वाद घालण्यात दिवस घालवू नका, थेट त्या अधिकाऱ्याला मेल करा. वर्णनाशी न जुळणारी किंवा सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. पोर्टल "आम्ही फक्त मध्यस्थ" म्हणेल. म्हणू द्या. विक्रेत्याची माहिती देणं त्याला बंधनकारक आहे, दोघांनाही सामनेवाले करा.

खोकं उघडतानाचं चित्रीकरण केलं होतंत का?

नवी_घडी

केलंय. नवरा हसत होता तेव्हा. वरच्या लेबलापासून टॅब बाहेर येईपर्यंत, मध्ये न थांबवता.

उंबरठा

मग तुमचं काम निम्मं झालंय. मूळ फाइल त्या फोनमध्येच राहू द्या, दुसरीकडे प्रत काढून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत पुरेशी धरू नका.

पाणकणीस

ऑनलाइनचंच एक: तिकीट काढताना विम्यावर आधीच खूण केलेली असते, शेवटच्या पानावर दोनशे रुपये वाढतात.

सांजसावली

ते आता नियमात बसत नाही. आधीच खूण करून संमती गृहीत धरायला ई-कॉमर्स नियमांत बंदी आहे. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल (ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांबद्दल) तत्त्वं काढली, त्यात असे तेरा प्रकार नावानिशी दिलेत. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, शेवटी किंमत वाढवणं, "फक्त एकच शिल्लक" अशी खोटी घाई करणं, वर्गणी बंदच करू न देणं. स्क्रीनशॉट काढून हेल्पलाइनवर टाका.

अबोली_रंग

हा धागा वाचून धीर आला म्हणून लिहितेय. वडिलांच्या शस्त्रक्रियेत हलगर्जी झाली असं आम्हाला वाटतं. डॉक्टरांवर या कायद्याने तक्रार करता येते का? घरात यावरून दोन मतं आहेत.

गोदाकाठ

ताई, वडील आता कसे आहेत? आधी त्यांच्याकडे बघा.

करता येते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते. सगळ्यांनाच पूर्ण मोफत उपचार देणारं रुग्णालय असेल तर येत नाही. पण हे प्रकरण फ्रीजसारखं नाही. उपचाराला यश न येणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि ते सिद्ध करायला त्याच विषयातल्या तज्ज्ञाचं मत लागतं. इथे मात्र मी म्हणेन की अनुभवी वकील घ्या.

आज करण्यासारखी गोष्ट म्हणजे रुग्णालयाकडे लेखी अर्ज देऊन संपूर्ण केसपेपर मागा: दाखल केल्यापासूनच्या नोंदी, शस्त्रक्रियेची टिपणं, संमतीपत्रं, परिचारिकांचे तक्ते. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत ते देण्याचं बंधन वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कागद हातात आल्यावर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि मगच ठरवा. कदाचित ते वाचून तुमच्या मनातली शंका फिटेलही, आणि तसं झालं तर तेही चांगलंच.

अबोली_रंग

घरी आणलंय, हळूहळू चालतात. अर्ज उद्याच देते. धन्यवाद काका.

तिठा

उंबरठाताई, आयोगात प्रत्यक्ष काय काय होतं ते सांगाल का? आदेश झाल्यावर कंपनीने लगेच पैसे दिले?

उंबरठा

लगेच नाही दिले. क्रमाने सांगते.

जुलै २०२३ मध्ये नोटीस पाठवली, उत्तर नाही. सप्टेंबरमध्ये ई-दाखिल या आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार भरली. (आता १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा ई-जागृती पोर्टलने घेतली आहे.) तक्रार, शपथपत्र, कागदांची यादी, बिल, वॉरंटी कार्ड, पाच जॉबशीट, नोटीस आणि तिच्या पोच. आमच्या आयोगाने छापील संचही मागितले. बिल काढलं तर कागद कोरा! थर्मल कागदावरचं होतं, शाई उडून गेली होती. घेतल्या दिवशी आईला पाठवलेला त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता म्हणून दुकानदाराकडून दुसरी प्रत मिळवता आली. आज घरी गेल्यावर आपापली बिलं काढून झेरॉक्स करा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मग दाखल करून घेण्याच्या मुद्द्यावर पाच मिनिटं ऐकून घेतलं. सामनेवाल्यांना नोटिसा गेल्या. त्यांना म्हणणं द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे एकही दिवस वाढवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलंय. कंपनीने त्रेचाळिसाव्या दिवशी दिलं. त्यानंतर दोन्ही बाजूंची पुराव्याची शपथपत्रं, लेखी युक्तिवाद, मग तोंडी युक्तिवाद. त्यांच्या वकिलांनी मुद्दा काढला की तज्ज्ञाचा अहवाल नाही. मी सांगितलं, तुमचेच पाच तंत्रज्ञ पाच वेळा येऊन तोच दोष लिहून गेले, याहून वेगळा तज्ज्ञ मी कुठून आणू?

पहिल्या तारखेला माझे हात कापत होते. तिसऱ्या तारखेपर्यंत शिरस्तेदार नावाने ओळखायला लागले.

आदेशात ४५ दिवसांची मुदत होती. कंपनीने अपील केलं नाही. त्यासाठी आदेशाची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. पण पैसेही दिले नाहीत. मग मी अंमलबजावणीचा अर्ज केला. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. अर्जाची नोटीस लागली आणि पुढच्याच तारखेला त्यांचे वकील डीडी घेऊन हजर झाले. म्हणून सांगते, आदेश हातात पडला की प्रकरण संपलं असं समजून घरी बसू नका.

शिवणयंत्र

ताई, नोटिशीचा मसुदा इथे टाकता का? वकिलाकडूनच द्यावी लागते का?

उंबरठा

स्वतः दिलेली चालते. मी पाठवली ती अशी होती, तुमच्यासाठी बदलून लिहिते:

"मी आपल्याकडून दि. … रोजी बिल क्र. … अन्वये ओव्हरलॉक मशीन रु. … ला घेतले. सदर मशीन मी स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतले असून ते मी स्वतः चालवते. दि. … पासून लूपर धागा सोडतो. दि. … आणि दि. … रोजी आपल्या माणसाने दुरुस्ती करूनही दोष कायम आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत मशीन बदलून द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी. तसे न केल्यास मी ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन व होणाऱ्या खर्चाची जबाबदारी आपली राहील."

एवढंच. शिव्याशाप नकोत, मागच्या सगळ्या भांडणांचा पाढा नको. विक्रेता आणि उत्पादक दोघांच्या पत्त्यावर पोस्टाने, पोचपावतीसह. तीच मेलवरही. शिवलेल्या कापडाचा सुटलेला तुकडा तारीख लिहून पिशवीत ठेवा.

शिवणयंत्र

ताई, काका, सांगायला आलेय. मागच्या सोमवारी दोन्हीकडे नोटीस पाठवली. काल विक्रेत्याची पोच परत आली, शिक्का आणि सही आहे. आज दुपारी त्याचा फोन आला. आवाज एकदम मऊ. म्हणाला, "ताई, कशाला कागद रंगवता, या दुकानात, बसून मिटवू, मशीन बदलून देतो." जाऊ का?

उंबरठा

जा, नक्की जा. मिटत असेल तर मिटवलेलंच बरं. फक्त जाण्याआधी त्याला सांगा, "मशीन बदलून देतो" एवढं मेलवर किंवा दुकानाच्या लेटरहेडवर तारखेसह लिहून द्या. आणि जुनं मशीन ताब्यात देण्याआधी त्याची पोच घ्या.

शिवणयंत्र

सांगितलं. लेटरहेडवर लिहून त्याचा फोटो पाठवलाय त्याने. उद्या अकरा वाजता जाते, बहिणीला सोबत घेऊन.